खाणीच्या भिंतीवरचं निळं नाव

मी एक जुनी भिंत आहे, डॉर्टमुंडजवळच्या कोळशाच्या खाणीची. मित्रांनो, सत्तर वर्षं खाणकामगार माझ्या आडोशाला बसून पाव खायचे. मग खाण बंद पडली आणि रुळांकडे तोंड करून मी एकटी उभी राहिले.

१९८४ साली रंगाच्या स्प्रेचे डबे घेऊन पोरं आली. अमेरिकेतल्या रंगवलेल्या आगगाड्या त्यांनी एका मासिकात पाहिल्या होत्या. तेवढ्यावर सगळे कलावंत झाले. अक्षरं कसली, उकडलेले बटाटे. भिंत असूनही मला त्यांचा वीट आला. त्यांचा म्होरक्या डेटलेफ. मासिक उघडं ठेवून तो अक्षरं उतरवायचा आणि खाली सही स्वतःची ठोकायचा.

एका रविवारी खाणकामगार हसनची मुलगी नुरतेन आली. तिनं निळ्या रंगात उंच, सडपातळ अक्षरांत 'हसन' असं लिहिलं.

"मासिकात असं अक्षर कुठंय?" डेटलेफनं विचारलं.

"नाहीच. म्हणून तर काढतेय."

"आणि हसन कशाला? स्वतःचं नाव लिही की."

"बाबांनी वीस वर्षं इथं कोळसा काढला. त्यांचं नाव कुठंच नाहीये."

दुपारी ती हसनला घेऊन आली.

"पोलीस पकडतील तुला," तो म्हणाला. मग हळूच, "शेवटचं अक्षर जरा वाकडं झालंय गं."

तरी रुळांवरून गाडी येऊन लोकांनी ते नाव पाहीपर्यंत तो हलला नाही. मलाही त्या दिवशी ताठ उभं राहावंसं वाटलं.

आठवड्यात डेटलेफनं त्यावर चंदेरी रंग फासून तिच्याच उंच, सडपातळ अक्षरांत स्वतःचं नाव लिहिलं.

तीस वर्षं कुणी फिरकलं नाही. मग नगरपालिकेचे साहेब लोक आले आणि ते चंदेरी नाव जपायला त्यावर काच बसवली. पोट सुटलेल्या डेटलेफनं भाषण ठोकलं, "आमच्या भागातली ही कला मी इथं सुरू केली."

ट्रामचालकाच्या गणवेशातली नुरतेन पुढं आली. "याच्याखाली माझ्या वडिलांचं नाव आहे."

साहेबांनी डेटलेफकडे पाहिलं.

"रविवारी बऱ्याच जणी यायच्या," तो म्हणाला. "कुणाकुणाचं लक्षात ठेवणार?"

"एकीचं तरी ठेवायचंस. अक्षरं माझीच उचललीस," ती म्हणाली आणि ट्रामच्या वेळेला निघून गेली.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या, त्याच्यासाठी.

मित्रांनो, भिंती जपण्याआधी हसनसारख्यांची नावं जपा. डेटलेफसारख्यांची काळजी नको. ते आपलं नाव दुसऱ्याच्या छातीवर उभं राहून जपतात.