कुरोची उडी

फ्लॅट बुश या उपनगरातल्या त्या घरात सुधाकररावांची उघडी शवपेटी हॉलच्या मधोमध ठेवून माणसं निघून गेली, तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. दोन वाजता अग्नी. मुलगा नितीश बहिणीला आणायला एअरपोर्टवर गेलेला. वेलिंग्टनहून येणारं सिद्धीचं विमान धुक्यात अडकलेलं. घरात दोघीच, सुधाकररावांची बायको दमयंतीबाई आणि सून सानिका.

तीन दिवसांत दमयंतीबाईंनी टिपूस गाळलं नव्हतं. लोक म्हणाले, बाई दगडाची आहे. म्हणेनात का. लोकांच्या तोंडाला हात लावायला त्या काय रिकाम्या होत्या?

बेल वाजली. दारात शेजारच्या जपानी फुमिकोबाई. वय ऐंशीच्या घरात, आणि हातात हा एवढा सुरा.

"आई, मागे व्हा! मी पोलिसांना फोन लावते."

"गप गं. जीव घ्यायला आलेलं माणूस आधी चपला काढून ठेवतं का? विचार, काय हवंय."

फुमिकोबाईंचं इंग्रजी तुटकं, दमयंतीबाईंचं त्याहून तुटकं. सानिकानं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "यांचा बोका कुरो सकाळपासून सापडत नाहीये. अठरा वर्षांचा आहे. यांच्याकडे म्हणतात, म्हाताऱ्या, लांब शेपटीच्या मांजरात काहीतरी संचारतं. ते प्रेतावरून उडी मारून गेलं की प्रेत उठून बसतं. म्हणून छातीवर पातं ठेवायचं. काहीतरीच हं, आई. असल्या मांजरांची कार्टून्स तुमची नात इरा बघते."

"उठून बसतं?" दमयंतीबाईंनी विचारलं.

"उठतं, पण तो आपला माणूस नसतो म्हणे. मांजर नाचवतं त्याला."

"आपण बाळंतिणीच्या उशाशी विळा ठेवतो, तो काय शोभेला? ठेवू दे तिला."

फुमिकोबाईंनी सुरा सुधाकररावांच्या छातीवर ठेवला, टोक पायांकडे केलं, कमरेत वाकल्या आणि बोक्याला हुडकायला गेल्या.

"तुळस राहिली की हो!" सानिका म्हणाली. "आपली तर थंडीत गेली. माझ्या मैत्रिणीकडून, निशिगंधाकडून, घेऊन दहा मिनिटांत येते. काचेचं दार लावलेलं असू द्या."

"जा. मी कुठे पळत नाही. आणि हेही नाहीत."

गाडी गेली. हीटर बंद होता, घर गारठलं होतं. दमयंतीबाई पेटीशी बसल्या आणि तीन दिवस दाताखाली दाबून ठेवलेलं वर आलं. त्या दुपारी सुधाकरराव मागच्या डेकवर, पुन्हा मांडीवर तो काळा बोका, जेवण निवून गेलेलं. बाई कडाडल्या होत्या, "मरा एकदाचे त्या बोक्यालाच घेऊन!" तासाभरानं चहा द्यायला गेल्या, तर बोका तसाच मांडीवर, आणि हे गेलेले. शेवटचा शब्द तो. कुणाला सांगितला नव्हता.

काचेवर खरखर झाली.

कुरो. डोळे पेटीवर.

बाई उठल्या. सुऱ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं. एकदाच उठू देत. दोन घटका. शब्द मागे घेते, मग खुशाल जा म्हणावं. त्यांनी सुरा उचलून सोफ्यावर ठेवला आणि दार सरकवलं.

बोका घाईत नव्हता. पेटीला एक वळसा घातला, शेजारच्या खुर्चीवर चढला, अंग आखडलं. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं.

"अहो," त्या कुजबुजल्या. "उठा."

नाचवतं त्याला, सानिका म्हणाली होती. हा माणूस स्वतःच्या लग्नात नाचला नव्हता. इस्त्रीशिवाय सदरा घालून कधी दाराशी गेला नव्हता. आणि आता लेक दारात पाऊल टाकेल, तेव्हा बाप बोक्याच्या तालावर...

कुरो उडाला.

बाईंनी तो हवेतच धरला. नखं मनगटात घुसली, बोका फिस्कारला, अंगठ्यावरून रक्ताचा ओघळ आला. त्यांनी सोडला नाही. छातीशी आवळला. त्याचं काळीज धडधडत होतं की आपलं, तेही कळेना. पेटीतला चेहरा होता तसाच होता.

दार वाजलं. सानिका तुळस घेऊन आत आली आणि जागीच थिजली. "आई! रक्त! दार कुणी उघडलं?"

"मी."

"अहो, पण का?"

दमयंतीबाईंनी सुनेसमोर आजवर मान खाली घातली नव्हती. आता घातली. "मी यांना मरा म्हणाले होते, सानिका. त्याच दुपारी. ते मागे घ्यायचं होतं."

सानिका तुळस खाली ठेवून जवळ आली.

"सिद्धी आली की तिलाही सांगेन," बाई म्हणाल्या. "आधी हा बोका घे बाई माझ्याकडून. बोटं उघडत नाहीयेत माझी."