मधल्या तळ्यातली हाक

इस्त्रीवाल्याची बायको जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि तिचा आवाज त्याला आठवेनासा झाला होता.

चेहरा आठवायचा. चालणं, खोकणं, रागावली की ओठ मुडपून भांडी आपटणं, सगळं आठवायचं. पण आवाज आठवायला गेलं की ओल्या साबणासारखा हातातून निसटायचा. फोनमध्ये तिचे फोटो ढीगभर होते. पण कॅमेरा समोर आला की ती तोंड मिटून घ्यायची, त्यामुळे तिथेही सगळं मुकंच. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी काय? माणूस गेलं ते गेलं, वर त्याचा आवाजही हरवला, याची तक्रार कुणाकडे करायची?

एक दिवस लेक दुकानात आली आणि म्हणाली, "बाबा, यंदा तळ्यांवर जाऊ या?"

त्याने इस्त्री उभी करून ठेवली आणि लगेच हो म्हटलं. लेकीला वाटलं, चला, बाबा सावरले. त्याच्या मनात वेगळंच होतं. तिचा आवाज सापडला तर तिथेच सापडेल, असं त्याला वाटत होतं.

डोंगरात तीन तळी होती. थोरल्या तळ्यावर तंबू, पोहणारे, आरडाओरडा. धाकटं पार वर, तिथे गळ टाकून मुकाट बसणारे लोक. इस्त्रीवाल्याचं आणि बायकोचं ते मधलं. लग्न झाल्यापासून दरवर्षी दुकान बंद ठेवून ती दोघं तिथे जायची, वल्ह्यांची होडी भाड्याने घ्यायची आणि पलीकडच्या काठावर जाऊन गवतात आडवी व्हायची. बस, एवढीच सहल.

आता वल्हवणारा माणूस जिकडे जायचं तिकडे पाठ करून बसतो. पुढचं दिसतं ते समोर बसलेल्याला. त्यात याचा उजवा हात आयुष्यभर इस्त्री ओढून दणकट झालेला, त्यामुळे होडी नेहमी एका अंगाला पळायची. मग ती समोरून सांगायची, "डावा." तो डाव्या हाताने जोर लावायचा. "डावा... डावा... बास." मान वळवून बघायची त्याला कधी गरजच पडली नाही. कधीकधी तर तो डोळे मिटून वल्हवायचा.

ते पोहोचले तेव्हा तळ्यावर धुकं होतं. डोंगर वर अर्धे दिसत होते आणि पाण्यात तेवढेही नाही. होडीवाल्याने लांबूनच ओळखलं.

"काय इस्त्रीवाले, उशीर केलात! तुमची वाट बघून तळ्याला सुरकुत्या पडल्या बघा." मग त्याने मागे कोण येतंय ते पाहिलं. लेक आणि जावई. त्याने पुन्हा पाहिलं. भाड्याचं काही न बोलता त्याने नेहमीची होडी सोडली.

"मी आधी एकटा जाऊन येतो," इस्त्रीवाला लेकीला म्हणाला.

तो निघाला. मऊ, पांढरं, कापसात शिरल्यासारखं वाटत होतं. समोरची फळी रिकामी होती. त्याने डोळे मिटले आणि वाट बघितली. वल्ह्यांवरून पाणी ठिबकत होतं. कुठेतरी पाखरू एकदाच बोललं. बाकी काही नाही. तो वल्हवत राहिला, ऐकत राहिला, आणि बऱ्याच वेळाने डोळे उघडले तर समोर तोच काठ, तोच होडीवाला.

"तळं घोटून काढताय की काय? गोल गोल फिरताय मघापासून!"

"बाबा, मी बसते समोर," लेक म्हणाली.

ती त्या फळीवर बसू नये असं त्याला फार वाटलं. पण तोंडातून शब्द निघेपर्यंत ती बसलीसुद्धा.

"तुम्ही येत नाही?" तिने काठावरच्या नवऱ्याला विचारलं.

"मी सामानाकडे बघतो."

"सामान म्हणजे एक पिशवी. तिला काय पाय फुटणार आहेत? पाण्याला घाबरतो म्हणा की सरळ!"

जावई हसला आणि पिशवी छातीशी धरून बसला.

होडी धुक्यात शिरली. थोड्या वेळाने नेहमीप्रमाणे एका अंगाला सरकू लागली.

"बाबा, उजवं ओढा. उजवं वल्हं."

त्याने उजव्या हाताने जोर केला.

"अहो, उजवं! उजवं म्हणतेय ना!"

"उजवंच ओढतोय!"

त्याने आणखी जोर लावला आणि होडी सरळ लव्हाळ्यात घुसली. दोन बदकं फडफडत उडाली. लेकीच्या केसांत गवताची काडी अडकली.

"उजवं सांगितलं तर तुम्ही डावं ओढता!"

"हा बघ उजवा," त्याने हात वर केला. "जेवतो तो."

लेकीने आपला उजवा हात वर केला. दोघांचे हात होडीच्या दोन वेगळ्या बाजूंना उभे राहिले. दोघं बघत बसली. आधी लेक हसली.

"समोरासमोर बसलोय की आपण! माझं उजवं ते तुमचं डावं. मग आई कसं सांगायची?"

त्याने वर धरलेला उजवा हात खाली घेतला आणि डाव्या हाताकडे पाहिलं.

ती डावा म्हणायची. ते वल्हं तिच्या उजव्या हाताला असायचं, तरी ती डावा म्हणायची. इतकी वर्षं, प्रत्येक वेळी, तोंड उघडण्याआधी ती मनातल्या मनात इकडून उठून त्याच्या जागी येऊन बसत होती. एकदाही बोलली नाही. आणि आपण सरळ वल्हवतो, असं हा समजत होता.

लव्हाळ्यातून बाहेर पडायला वेळ लागला. लेक म्हणाली, "बरं, मी तुमच्या बाजूने सांगते."

"नको," तो म्हणाला. "तू तुझंच सांग. बदलायचं काम माझं."

त्याने डोळे मिटले. धुकं पापण्यांना गार लागत होतं.

"उजवं," लेक म्हणाली.

त्याने ते मनात उलटवलं. आणि उलटवताना तो शब्द त्याच्या स्वतःच्या आवाजात आला नाही. जरासा बसलेला, शेवटी किंचित वर जाणारा, घरात हाक मारताना यायचा तसा आवाज होता तो.

डावा.

त्याने डाव्या हाताने ओढलं.

"अजून उजवं."

डावा... डावा...

"झालं, बाबा. सरळ आहे आता."

तो थांबला नाही. एक शब्द अजून यायचा होता, तिचा 'बास'. तो आला, तेव्हा कुठे त्याने वल्ही वर उचलली, आणि होडी आपली आपणच पलीकडच्या काठाकडे सरकत राहिली.