सेनापतीच्या डोक्यावरून पडलेला मुकुट

मी मुकुट बोलतोय. नाटकातला म्हणून नाक मुरडू नका. खऱ्या राजांचे मुकुट तिजोरीत धूळ खात पडतात, मी भरल्या नाट्यगृहाच्या टाळ्या ऐकल्यात!

माझा जन्म पनवेलजवळच्या विचुंब्याचा. मोशेने रद्दी वर्तमानपत्रांच्या लगद्यातून मला घडवलं, वर सोनेरी बेगड लावली. त्याची मोठी बहीण हेप्झिबाताई पनवेलच्या हौशी नाट्यमंडळाच्या दिग्दर्शिका. मला न्याहाळून त्या म्हणाल्या, "मोशे, पडल्यावर गडगडला पाहिजे हं. सगळं नाटक त्याच्यावर आहे."

ऐकलंत? माझ्यावर!

नाटक एका सेनापतीचं. शूर गडी, राजाचा लाडका, पण सिंहासन त्याच्या डोळ्यांत भरतं. राजाला मारून तो मला डोक्यावर चढवतो आणि त्याच हव्यासापायी शेवटी स्वतः मरतो. मरतानाचं मोठं भाषण संपतं, तो कोसळतो, मी गडगडतो आणि पडदा पडतो.

सेनापती झाला नवीन पनवेलचा शैलेश. आवाज असा खणखणीत की शेवटच्या रांगेत पेंगणाराही ताठ बसावा. अशा डोक्यावर बसायला मलाही आवडायचं.

"ताई, यंदा अभिनयाचं पहिलं बक्षीस आपलंच," तो तालमीत म्हणायचा.

"बक्षिसाचं सोड. हा माणूस दुष्ट नाहीये रे. त्याला फक्त 'पुरे' म्हणता येत नाही. लोकांना त्याच्यासाठी रडू आलं पाहिजे."

ताई कायमच्या इस्रायलला निघाल्या होत्या, मुलीकडे, शोशानाकडे. हे त्यांचं शेवटचं नाटक. त्यांना एकच हवं होतं: पडदा पडताना प्रेक्षागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता.

नाट्यस्पर्धेच्या दिवशी भाषण असं काही रंगलं म्हणता! शैलेश कोसळला, मी गडगडलो. पडदा सरकणार तोच बाल्कनीतून आरोळी आली, "वन्स मोअर!" मग सगळेच ओरडू लागले. आपल्या लोकांना आवडलं की पुन्हा हवंच असतं, त्यात त्यांचं काय चुकलं?

पण मेलेला सेनापती उठला! शैलेशने मला उचललं, झटकलं, डोक्यावर ठेवलं आणि तेच भाषण म्हणून पुन्हा मेला. कुणीतरी खुदकन हसलं. बघता बघता सगळं नाट्यगृह हसू लागलं. बक्षीस तर गेलंच. ताई विंगेतून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी शैलेश त्यांच्या दारात उभा. "ताई, जायच्या आधी एक प्रयोग अजून करू द्या मला."

निरोपाच्या प्रयोगाला ना परीक्षक होते ना बक्षीस. शैलेश कोसळला. मी असा आदळलो की कडेचा टवका उडाला, आणि त्याच्या हाताशीच येऊन थांबलो.

"वन्स मोअर!"

त्याचं बोट हललं. मला टेकलंसुद्धा. माझा जीव टांगणीला लागला. मग ते बोट हळूच मागे गेलं आणि मूठ मिटली.

पुन्हा कुणी ओरडलं नाही. त्या शांततेत पहिल्या रांगेतला एक हुंदका तेवढा ऐकू आला. विंगेत ताई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या.

आता मी मोशेच्या कपाटात असतो. परवा त्याने माझ्या डागडुजीसाठी लगदा भिजवला, तर ताईंनी फोनवरून त्याला दटावलं, "खबरदार हात लावलास तर!"

माझंही तेच मागणं आहे. नवा सेनापती आणा, नवी बेगड लावा, मी तयार आहे. हा टवका मात्र असाच राहू द्या. शैलेशचा सेनापती त्या दिवशी खरोखर मेला होता, आणि त्याच्या डोक्यावर मी होतो.