बारा व्होल्टचा संत

दुसरी बॅटरी चोरीला गेली त्या दिवशी माझी मुलगी एफ्तेर्पी माझ्यावर ओरडली नाही. तिने लॅपटॉप मिटला, अंगणात जाऊन टोमॅटोला पाणी घातलं आणि परत येऊन म्हणाली, "बाबा, हे असंच चाललं तर मला अथेन्सला परत जावं लागेल." मग ती कांदे चिरत बसली.

तिची आई गेल्यावर, हिवाळ्यात, ती घरी आली होती. दहा वर्षांनी. येताना नोकरीही घेऊन आली. कुठल्याशा कंपनीला लोक तक्रारीची पत्रं पाठवतात, त्यांना गोड उत्तरं लिहायची, घरबसल्या. अट एकच, नेट दिवसभर चालू पाहिजे.

आता आमच्या केरासोव्रिसीत नेट म्हणजे मी. झिसी, निवृत्त वायरमन. चाळीस घरांसाठी कुणी डोंगरात केबल टाकायला तयार नाही, म्हणून आम्हीच जुगाड केला. दरीपलीकडच्या शहरातून सिग्नल येतो तो आमच्या माथ्यावर, आणि माथ्यावरून खाली गावात. माथ्यावर वीज नाही. तिथे एक सोलर पॅनेल, एक बॅटरी आणि एक डबा, एवढाच संसार. तीन वर्षं झकास चालला. मग मार्चमध्ये कुणीतरी बॅटरी उचलली आणि मेमध्ये दुसरी. पॅनेलला हात लावला नाही, म्हणजे पॅनेल चोराकडे आधीच होतं. नट-बोल्टही नीट काढून बाजूला ठेवलेले. चोर कामाचा माणूस होता, याचाच मला जास्त राग आला.

मला मुलगी घरात हवी होती. सकाळी स्वयंपाकघरात दुसऱ्या कुणाच्या तरी कपाचा आवाज हवा होता. हे मी तिला बोलून दाखवलं नव्हतं. आमच्याकडचे बाप असलं काही बोलत नाहीत, ते छप्पर दुरुस्त करतात.

अथेन्समधल्या आमच्या गावकऱ्यांच्या मंडळाने तिसरी बॅटरी पाठवली आणि सोबत निरोप, ही शेवटची. ती आणायला शहरात गेलो. येताना विचार करत होतो, पिंजरा करावा का? पण नट नीट काढणाऱ्याकडे करवतही असणार. असा डोकं खाजवत घाट चढत होतो आणि प्रत्येक वळणावर तेच दिसत होतं, जे जन्मापासून पाहत आलोय. कुणी दरीत पडलं, किंवा पडता पडता वाचलं, की घरचे लोक त्या जागी पत्र्याचा देव्हारा उभा करतात. चार पाय, काचेचं दार, वर क्रूस, आत संताची तसबीर आणि तेलाचा दिवा. वर्षानुवर्षं उघड्यावर उभे आहेत. आमचे लोक सरकारला फसवतील, शेजाऱ्याचा बांध हातभर सरकवतील, पण संताच्या डब्यात हात घालणार नाहीत.

मी गाडी वळवली आणि शहरातल्या दुकानातला सगळ्यात मोठा देव्हारा विकत घेऊन आलो.

चार दिवस माथ्यावर खपलो. देव्हाऱ्याचं उतरतं छप्पर म्हणजेच पॅनेल, तोंड बरोब्बर दक्षिणेला; बघणाऱ्याला नुसतं काळं छप्पर वाटावं असं. मागच्या खांबावर क्रूस, क्रूसामागे अँटेना. खाली सिमेंटचा चौथरा, त्याच्या पोटात बॅटरी. राऊटर आणि बाकीची मंडळी तसबिरीच्या मागे. तसबीर बायकोच्या खणातून पहिली हाताला लागली ती घेतली. हातात मेणबत्ती घेतलेला कोवळा संत होता. विजेचं काम आहे, उजेडवाला बरा, एवढाच विचार केला. गावात सांगून टाकलं की यंत्र गुप्त जागी हलवलंय, विचारू नका. आणि मुलीलाही तेच सांगितलं, कारण आमच्या गावात एकाला सांगितलेलं गुपित दुपारच्या कॉफीपर्यंत सगळ्यांचं होतं.

काम संपल्यावर तिसऱ्या दिवशी शेजारची किरा पोलिक्सेनी कुंपणाशी उभी. सत्तरी उलटलेली विधवा, म्हणून सगळे तिला मानाने 'किरा' म्हणतात. गावातल्या बातम्या हिच्या अंगणातून सुटतात.

"झिसी, वर कोण मेलं?"

"कुणी नाही."

"मग वाचलं कोण? देव्हारा काय उगाच उगवला?"

हे मला आधी सुचायला हवं होतं. "मी वाचलो," मी म्हणालो. "फेब्रुवारीत. बर्फावरून गाडी घसरली."

"फेब्रुवारीत तुझी गाडी गॅरेजमध्ये होती. माझी लाकडं आणायला नाही म्हणालास ते विसरले नाही मी."

"म्हणजे पायी होतो. पायी घसरलो."

"कड्यावरून?"

"थोडासा."

"थोडासा कड्यावरून," असं म्हणत तिने छातीवर तीनदा क्रूसाची खूण केली आणि घाईघाईने निघाली. संध्याकाळी एफ्तेर्पी जेवणाच्या टेबलाशी डोळे पुसत बसलेली. "तुम्ही कड्यावरून पडलात आणि मला सांगितलं नाहीत? मी काय परकी आहे?" मला लाज वाटली, बरंही वाटलं. मी डाळीचं सूप दुसऱ्यांदा घेतलं.

खरी गंमत पुढेच. पोलिक्सेनी माथ्यावर जाऊन आली आणि येताना तसबिरीतल्या संताला ओळखून त्याचं नाव घेऊन आली. फानूरिओस. हरवलेलं शोधून देणारा. आमच्याकडे काही हरवलं की बायका त्याच्या नावाने केक करतात, तेलातला, दालचिनी आणि अक्रोड घालून, आणि चार जणांत वाटतात. मग संत ती वस्तू दाखवतो. पोलिक्सेनीने केक केला आणि तिच्या कानातलं पिठाच्या डब्यात सापडलं. झालं. पुढच्या आठवड्यात माथ्यावर जत्रा. कुणाची किल्ली, कुणाचा चष्मा, कुणाचा दोन वर्षं फोन न केलेला जावई. जावयाने खरंच फोन केला.

नुसते केक आणले असते तर माझी हरकत नव्हती, मी खात होतो. पण बायका संताला सजवायला लागल्या. छपरावर तुळशीच्या कुंड्या तारेने अडकवून ओळीने मांडल्या, वर माळा सोडल्या. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर सावली पडली तरी अख्खं पॅनेल रुसतं, आणि इथे तर वर बाग फुललेली. बॅटरी रोज थोडी थोडी खचत गेली. दुपारचे चार वाजले की खिडकीतून एफ्तेर्पीची हाक, "बाबा, गेलं." आवाजात चीड भरलेली. नोकरी गेली की ही गेली.

मी धापा टाकत वर जायचो, कुंड्या खाली उतरवायचो. दुसऱ्या दिवशी कुंड्या परत वर, शिवाय दोन जास्त.

"किरा पोलिक्सेनी, संताला डोक्यावर ओझं आवडत नाही."

"तुला सांगून गेला?"

"मी वाचलो ना त्याच्यामुळे. मला जाणवतं."

"वाचलास म्हणून मालक झालास का? एक कुंडी आणून ठेवलीस कधी? आणि त्या बिचाऱ्याच्या मागे हिरवं काहीतरी लुकलुकतं, बघितलंस? तेज आहे ते."

ते राऊटरचे दिवे होते. खरं सांगितलं असतं तर कुंड्या उतरल्या असत्या, पण बातमी चोरालाही कळली असती. सगळा जुलै असा गेला. मी रोज डोंगर चढतोय आणि गाव म्हणतंय, बघा, झिसी किती भाविक झाला.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सकाळी वर गेलो, तर देव्हाऱ्यामागे खताची गोणी. गोणीत माझ्या दोन्ही बॅटऱ्या. टर्मिनल घासूनपुसून, वर व्हॅसलीन लावून, फुल्ल चार्ज केलेल्या. मी स्वतः इतकी काळजी घेतली नव्हती. वर फडक्यात अर्धा केक. गोणीला बकऱ्यांचे केस चिकटलेले होते, आणि केक लोण्याचा होता. फानूरिओसच्या केकात लोणी चालत नाही हे गावातल्या कुठल्याही बाईला माहीत आहे. ही चूक करील तर एकटा राहणारा, घरात लोण्याचे डबेच डबे असलेला माणूसच. माथ्यापलीकडे ज्याचा गोठा आहे तो स्ताथिस. त्याच्या दूध काढायच्या यंत्राला वीज कुठून येते, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

बिचाऱ्याचं काय झालं असेल ते मला कळलं. ज्या जागेवरून त्याने चोरी केली, नेमक्या त्याच जागेवर हरवलेलं शोधून देणारा संत येऊन बसला. मी मुद्दाम बसवला असंच त्याला वाटलं असणार. तेव्हापासून महिनाभर अख्खं गाव त्याच्या डोळ्यांदेखत केक घेऊन माथ्यावर येतंय. केक मी खाल्ला, चांगला होता. जुन्यानव्या बॅटऱ्या एकत्र जोडू नयेत हे मला कळतं, पण तिन्ही एकाच जातीच्या होत्या. मीटर लावून पाहिलं आणि जोडून टाकल्या. आता बाग फुलू दे नाहीतर जंगल उगवू दे, नेट जायचं नाव घेईना. मी मनात म्हटलं, मुलगी राहिली.

सत्तावीस ऑगस्टला संताचा सण. गावचे पाद्री पापा-आनेस्तिस आशीर्वादाला वर आले, मागे सगळं गाव, अकरा केक. स्ताथिस सगळ्यात मागे, टोपी हातात घेऊन. प्रार्थना झाली. पापांनी काचेचं दार उघडलं आणि काजळी पुसायला तसबीर जरा उचलली. ती एका खिळ्यावर टांगलेली होती. ती त्यांच्या हातात आली, आणि मागे वायरी, डबे, हिरवे दिवे.

पापांनी चष्मा लावला, वाकून नीट पाहिलं.

"झिसी, हा कोणता संत?"

"पापा, हा राऊटर."

"म्हणजे तू पडलाच नव्हतास," पोलिक्सेनी म्हणाली. "आणि मी चाळीस दिवस तुझ्या नावाने दिवा लावला." तिच्या आवाजात राग नव्हता, दुखावलेपण होतं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"का केलंस हे?" पापांनी विचारलं.

बॅटरी चोरीला जात होती म्हणून, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. पण मागे स्ताथिस टोपी पिळत उभा होता, चेहरा चुन्यासारखा पांढरा. चोरी म्हटलं की गावाने माना वळवून शोधायला सुरुवात केली असती. मग दुसरं खरं कारण उरलं, तेच सांगितलं.

"एफ्तेर्पीने जाऊ नये म्हणून. नेट बंद पडलं तर तिची नोकरी जाणार, नोकरी गेली तर ती जाणार. मला ती घरी हवी होती."

सगळ्या गावाने तिच्याकडे पाहिलं. ती केकचं ताट धरून उभी होती, कानापर्यंत लाल.

"बाबा," ती म्हणाली, "ती नोकरी मेमध्येच गेली. दुसरी बॅटरी गेल्यावर आठच दिवसांत."

"मग दिवसभर लॅपटॉपवर काय करतेस?"

"पत्ते खेळते. अनोळखी लोकांबरोबर."

"आणि चार वाजता नेट गेलं की ती चिडचिड?"

"हातात चांगली पानं असायची."

पापा-आनेस्तिस खोकले. खोकल्यात हसू होतं की काय ते मी पाहिलं नाही, मी तिच्याकडेच पाहत होतो.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात?" तिने ताट पोलिक्सेनीच्या हातात दिलं. "म्हणाला असतात, जा बाळ, अथेन्समध्ये दुसरी बघ, माझी काळजी करू नकोस. आणि मला जायचं नव्हतं. पण इथे राहायला काहीतरी कारण नको का? तुम्ही तर कधी राहा म्हणाला नाहीत."

ते अगदी खरं होतं. मी तेच म्हणालो असतो, शब्दन् शब्द, आणि तिची बॅग गाडीत ठेवून वर टायरची हवाही तपासली असती.

चाळीस घरांची माणसं, पाद्री, एक चोर आणि अकरा केक माझ्याकडे बघत होते.

"राहा," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली, आणि केक कापायला सुरी मागितली.