कोणी नव्हतं ना?

मागचं चाक कशावर तरी चढून धप्पकन खाली आलं, तसं तिकीट फाडता फाडता तिने तोंडाशी आलेलं उत्तर गिळलं. समोरच्या आरशात दादांचे डोळे तेच विचारताना दिसले. सहा वर्षं ती या बसची कंडक्टर होती आणि दादा ड्रायव्हर. त्या डोळ्यांत काय असतं ते तिला पाठ होतं.

"ताई..." दादा म्हणाले आणि थांबले.

एरवी पुढचं ठरलेलं असे. "कोणी नव्हतं ना?" आणि तिचं उत्तर, "कोणी नाही, दादा. खड्डा होता." दादांचा जीव भांड्यात पडायचा, पण ते भांडं असं गळकं, की पुढच्या गतिरोधकापर्यंत रिकामं. बावीस वर्षांत दादांच्या गाडीखाली कोंबडीसुद्धा आली नव्हती. तरी प्रत्येक गचक्याला त्यांना वाटे, आपण माणूस चिरडला आणि तसेच पुढे निघालो. मन चिंती ते वैरी न चिंती, दुसरं काय! अलीकडे ते बस वळवून ती जागा पाहून येऊ लागले होते. डेपोत त्यांचं नावच पडलं 'रिव्हर्स'. गेल्या महिन्यात भरलेली बस दोनदा मागे फिरली, तेव्हा हसणं संपलं. मॅनेजरनी बजावलं, तिसऱ्यांदा असं झालं तर स्टिअरिंग विसरा.

मग दादा मानसोपचाराला जाऊ लागले आणि चौथ्या भेटीला तिलाही बोलावणं आलं. तिला वाटलं, आपलं कौतुक होणार.

"दिवसातून किती वेळा सांगता त्यांना, कोणी नव्हतं म्हणून?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"विचारतील तितक्या वेळा. माणसाला धीर नको द्यायला?"

"धीर नाही हो. तुम्ही भीतीला खतपाणी घालताय."

हे तिला फार लागलं. बाईंनी कागदावर एक डोंगर काढला. भीती चढते, चढते, आणि तिला कोणी हात दिला नाही तर आपली आपण उतरते. दादा कधी माथ्यापर्यंत गेलेच नव्हते. दर वेळी हिचं 'कोणी नाही' त्यांना अर्ध्या वाटेवरून खाली आणत होतं. मग नियम ठरले. रस्त्यावर कोणी ओरडलं, प्रवासी ओरडले, तर बस थांबवायचीच. कुठलाही ड्रायव्हर थांबवेल. नुसतं मनात ओरडलं तर नाही. भीती शंभरात किती, तो आकडा मोठ्याने म्हणायचा आणि गाडी हाकायची. कंडक्टरने मिठाची गुळणी धरायची.

आज पहिला दिवस होता.

"नव्वद," दादा म्हणाले.

पुढच्या सीटवरचे आजोबा दचकले. "नव्वद? काल तर बारा होतं तिकीट!"

"तिकिटाचं नाही हो ते," ती म्हणाली.

दादांना धीर द्यायची बंदी, हातातलं तिकीटही देऊन झालेलं. काय करावं ते न सुचून ती मागच्या काचेपाशी गेली आणि तिने बाहेर पाहिलं. रस्ता खणण्याच्या कामावरून घरंगळलेला रबरी पाइपचा तुकडा रस्त्यात पडला होता. एक सायकलवाला त्याला वळसा घालून शीळ वाजवत गेला. बस्स, एवढंच.

दोन शब्दांत एका माणसाचा जीव सुटणार होता आणि ते दोन शब्द तिच्यापाशी होते. दादांचा शर्ट पाठीला चिकटला होता, कान लाल झाले होते. असला कसला उपचार, तिला वाटलं. बुडत्याला काठावरून बघत बसायचं!

चौक आला. दोन्ही वेळा बस इथूनच मागे फिरली होती. दादांचा हात इंडिकेटरवर गेला. टिक टिक सुरू झाली. तिने दांडा घट्ट धरला.

टिक टिक थांबली.

"पंच्याण्णव," दादा घोगऱ्या आवाजात म्हणाले आणि बस सरळ गेली.

"भाव चढतोय," आजोबा पुटपुटले.

बाजारापाशी आकडा ऐंशीवर आला. शाळेपाशी साठ. शेवटच्या थांब्यावर दादा "चाळीस" म्हणाले ते जरा नवलानेच. आजोबा उतरताना म्हणाले, "काय विकता ते कळलं नाही, पण स्वस्त झालं बुवा."

बस रिकामी झाली. दादांनी इंजिन बंद केलं, पण हात स्टिअरिंगवरच ठेवले. तिला राहवेना.

"दादा, आता सांगू? मी पाहिलंय काय होतं ते."

"नको. तुम्ही पाहिलंत, एवढं मला आरशात दिसलं." दादांनी रुमालाने मान पुसली. "सहा वर्षांत पहिल्यांदाच वळून पाहिलंत तुम्ही."

तिला आधी उमगलंच नाही. मग उमगलं, आणि तिची मान खाली गेली. 'कोणी नाही' म्हणताना ती कधी तिकीट फाडत असे, कधी बेल ओढत असे, कधी कोणाला जागा करून देत असे.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं, मी न बघताच..."

"रोज दिसायचं."

"मग विचारायचात कशाला?"

"तुम्ही 'कोणी नाही' म्हणायचात म्हणून." दादा ओशाळं हसले. "तेवढ्यावर भागायचं माझं. तुम्ही पाहिलंय की नाही, याच्याशी मला कुठे काय देणंघेणं होतं?"

बाहेर परतीचे प्रवासी दाराशी जमू लागले होते. सहा वर्षं आपण या माणसाला सांभाळतोय असं तिला वाटत आलं होतं, आणि सांभाळून तर तोच घेत होता. तिला वाईट वाटलं, लाजही वाटली.

दादांनी सीटवरून मागे वळून तिच्याकडे पाहिलं. "ताई, रागावला नाहीत ना?"

'नाही हो' तिच्या जिभेवर तयारच होतं.

"रागावलेय," ती म्हणाली. "थोडी."

दादांनी मान डोलावली आणि गाडी सुरू केली.