दोन वर, दोन खाली

तिसरी डिस्क प्लेअरमध्ये सरकवून सुनेने दोन्ही हात पाठीमागे धरले. हात लागला तर ही पण रुसेल, अशी तिला धास्ती वाटत होती. सोफ्याच्या कडेवर सासूबाई ताठ बसल्या होत्या. मांडीवर लोकरी कापडाचा तुकडा, शेजारी टाचण्यांच्या उशीत दोरा ओवलेल्या सात सुया. सुया सकाळीच सुनेकडून ओवून घेतल्या होत्या. हल्ली हे रोजचंच झालं होतं.

सासूबाई रफूगार. त्यांनी सांधलेलं कापड हातात घेऊन गिऱ्हाईकच विचारायचं, फाटलं होतं कुठे? आता दूरच्या एका संग्रहालयाला जहाजाच्या कुणा कप्तानाचा कसरीने खाल्लेला कोट नीट करून हवा होता. अर्ज तिघांचे होते आणि निवड परवा. नुसता नमुना नको, काम होताना बघायचंय, असं त्यांनी कळवलं होतं. बाहेरचा पेनड्राइव्ह लावायला त्यांच्याकडे बंदी, म्हणून सकाळी टिपलेल्या सत्तावीस मिनिटांच्या कामाची डिस्क. असा कोट जन्मात एकदाच हाताखाली येतो, हे सासूबाईंनी आठवडाभरात वीस वेळा तरी म्हटलं होतं. कुरिअरवाला साडेचारला येणार होता आणि दीड वाजून गेला होता.

सून समारंभांचे व्हिडिओ कापून-जोडून द्यायची, त्यामुळे तिला हे काम म्हणजे डाव्या हातचा मळ वाटलं होतं. पहिली डिस्क तिने नेहमीसारखी केली आणि टीव्हीवर धाग्यांच्या जागी राखाडी चिखल आला.

"यात माझं काम कुठंय?" सासूबाई म्हणाल्या होत्या. "हे कुणीही केलेलं असेल."

स्वच्छ चित्राला महागडी डिस्क लागते आणि ती लिहायला वेगळं यंत्र. घरात दोन्ही नव्हतं. मग शोधता शोधता सुनेला युक्ती सापडली. साध्याच डिस्कवर फोल्डर महागड्या डिस्कसारखे मांडायचे. प्लेअर फसतो आणि त्याला वाटतं, बड्या घरचे पाहुणे आले. मात्र तेवढ्या बारीक चित्राची वीसच मिनिटं मावतात. दुसरी डिस्क त्या युक्तीने केली, तर ती चार पावलं चालून अडखळली, कारण साध्या डिस्कला इतकं भराभर वाचून देणं झेपत नव्हतं. सुनेने वेग थोडा उतरवला आणि चाचणीपुरती शेवटची दहा मिनिटं या तिसरीवर घातली.

प्लेअर घरघरला. पडदा काळा झाला आणि मग एकदम उजळला.

"दिसतंय!" सून ओरडली. "आई, दिसतंय! एकेक धागा दिसतोय!"

सासूबाई उठल्या त्या थेट टीव्हीपाशी गेल्या, इतक्या जवळ की नाक काचेला टेकायचं बाकी राहिलं.

"अगं, हे माझं बोट! नखाजवळची चीर बघ. आणि ही वीण! दोन वर, दोन खाली, दोन वर..." त्या मोठ्याने हसल्या. सुनेने त्यांचे खांदे धरून त्यांना जागच्या जागी गोल फिरवलं. दोघींना धाप लागली.

"थांबव," सासूबाई अचानक म्हणाल्या.

चित्र थांबलं. त्यांनी काचेवर बोट ठेवलं.

"इथे तीन वर गेलाय."

सून वाकली. खरंच, एक धागा दोनऐवजी तीन धाग्यांवरून गेला होता. कापडाच्या तिरप्या रेघा तिथे किंचित अडखळत होत्या.

"कुणाच्या लक्षात येणार आहे? शिवाय सत्ताविसाची वीस मिनिटं करायचीच आहेत. तेवढं कापून टाकते."

"माझ्या लक्षात आलंय." सासूबाईंचं बोट तिथेच होतं. "चार वर्षांत मी माझी वीण आज पहिल्यांदा बघतेय."

"म्हणजे?"

"बोटांनी करते गं. बोटांना कळायचं. आज बोटंही चुकली."

सुनेची नजर टाचण्यांच्या उशीकडे गेली. त्या सात सुयांचा अर्थ आता तिला लागला आणि फार वाईट वाटलं.

"सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर हा अर्ज तू करू दिला असतास?"

सून मागे वळली. ती आत गेली आणि लांबलचक केबल घेऊन आली. एक टोक कॅमेऱ्याला लावलं, दुसरं टीव्हीला. तिपाईवरचा कॅमेरा कापडावर खाली वाकवला. पडद्यावर कापड भिंतीएवढं झालं.

"घ्या सुई."

"बघायचं कुठे? हाताकडे की तिकडे?"

"तिकडे."

पहिल्यांदा हात एकीकडे गेला आणि सुई दुसरीकडेच दिसली. सासूबाईंनी सुईला शिवी हासडली. मग श्वास धरला आणि चुकलेला धागा उसवला, त्याच्या शेजारचेही. एकंदर अकरा. पडद्यावर सुई पहारीएवढी दिसत होती आणि सासूबाई लहान मुलीसारख्या मोठ्याने मोजत होत्या. दोन वर, दोन खाली. सून भान हरपून चित्रण बघत होती. तिला कॅमेऱ्याचं बटण दाबायची आठवण राहिली, हेच नशीब.

धागे बसले तेव्हा साडेतीन होऊन गेले होते.

"काय काढू?" संगणकापुढे बसत सुनेने विचारलं. "चूक?"

"ती राहू दे. उसवलेलंही राहू दे. कप्तानाच्या कोटाला हात लावणारीला उसवता येतं का, हे त्यांना कळायला नको?" सासूबाईंनी टीव्हीकडे बोट केलं. "आणि मी टीव्हीकडे बघून काम करते, तेही दाखव."

"आई, त्यावरून ते नाकारतील."

"तर नाकारू देत. कोट त्यांचा आहे."

सुनेने फोन काढला आणि नजर टीव्हीवर, हात कापडावर अशा बसलेल्या सासूबाईंना मिनिटभर टिपलं.

"आता तर फारच झालं. कापायचं काय?"

"माझं सुरुवातीचं भाषण."

भाषण त्यांच्या मुलाने लिहिलेलं होतं. 'कलेची अखंड साधना' वगैरे. दोन दिवस त्याने आईकडून पाठ करून घेतलं होतं.

"संध्याकाळी तो विचारेल."

"सांग, डिस्कवर मावलं नाही. खोटं थोडंच आहे?"

दोघी फिदीफिदी हसल्या. भाषण गेलं, सुया मांडणं गेलं, जुळलेल्या विणीची लांबण गेली. वीस मिनिटं उरली.

चौथी डिस्क तयार झाली तेव्हा सव्वाचार वाजून गेले होते. सुनेने ती लावली आणि थेट शेवटावर नेली. सुई बाजूला झाली, हात दूर गेले आणि पडदाभर नुसतं कापड उरलं. सगळ्या तिरप्या रेघा एका चालीने जात होत्या.

सासूबाई पुन्हा काचेपाशी गेल्या. सवयीने त्यांनी काचेवर बोट फिरवलं, एकदा उभं, एकदा आडवं. मग डोळे बारीक करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बघितलं. सूनही शोधू लागली. जागा तिने तासाभरापूर्वी स्वतः पाहिली होती.

दारावरची बेल वाजली.

"तुला दिसतंय का गं?"

"नाही."

"मलाही नाही." सासूबाई काचेपासून मागे झाल्या. त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. "जा, दे त्याला."