तिच्या कानातला आवाज

"माझा आवाज थोडा कमी करा," काचेपलीकडून ती म्हणाली. त्याने केला, पियानो जरा वाढवला. तिने मान हलवली. पण पहिल्याच ओळीत वरचा सूर घसरला आणि ती थांबली.

गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या हेडफोनमध्ये काय आणि किती सोडायचं, हे पाहण्यात त्याचा जन्म गेला होता. कुणाला नुसता ठेका हवा असतो, कुणाला स्वतःखेरीज काहीच नको असतं. आज माइकसमोर त्याची बायको होती. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर पहिल्यांदाच. उजवा हात लुळा पडला होता, जीभ बरीचशी सुटली होती, पण गळा परत आला नव्हता. घरात दोघंही त्याबद्दल अवाक्षर काढत नसत. ही सकाळ त्यानेच संगीतकाराच्या हातापाया पडून मागून घेतली होती.

संगीतकार भला माणूस. पुन्हा घेऊ, पुन्हा घेऊ म्हणत तोही थकला. शेवटी खालच्या आवाजात त्याने सांगितलं, की दुसऱ्या गायिकेला बोलावलंय, ती बाहेर बसलीय.

"एकदाच अजून," नवऱ्याने विनवलं.

हीच चाल तिने आजारापूर्वी नमुन्यादाखल गाऊन ठेवली होती. शब्द आता बदलले होते, सूर तेच होते. त्याने ते जुनं ध्वनिमुद्रण शोधलं आणि फक्त तिच्या हेडफोनमध्ये, पियानोच्या मागे, अगदी बारीक सोडलं. त्याला धरून धरून तरी ती चालेल, एवढीच त्याची आशा होती.

पहिली ओळ उभी राहिली. दुसरीही. संगीतकार सावरून बसला. अंतऱ्याला मात्र ती गप्प झाली. डाव्या हाताने हेडफोन कानावर दाबून नुसती ऐकत राहिली. आवाज बंद करायला त्याचं बोट उचललंच गेलं नाही. गाणं संपलं.

"अहो," ती म्हणाली, "किती छान गायचे मी."

"अगं, आधाराला म्हणून..."

"कळलं मला. आता तिला काढा. माझा एकटीचा द्या. मोठा."

"नको गं."

"द्या."

त्याने दिला. ती मुखड्यापासून शेवटपर्यंत गायली. आवाज फाटत होता, शब्द अडखळत होते, एकही सूर जागेवर लागत नव्हता. कुणी थांबवलं नाही. संगीतकार जमिनीकडे पाहत होता. गाणं झाल्यावर तिने एका हाताने हेडफोन काढायला घेतला. वायर केसांत अडकली. तो धावत आत गेला, तर तिने नजरेनेच त्याला थोपवलं. वायर सोडवायला वेळ लागला.

"बाहेर बसल्यात ना, त्यांना बोलवा आता," ती म्हणाली.

दुसरी गायिका आत आली. वयाने लहान होती, भेदरलेली होती. त्याने हेडफोन दिला, बाहेर येऊन बटणांवर हात ठेवला, आणि त्याला काही सुचेना. पलीकडची पोर प्रत्येक ओळ उशिरा उचलत होती. संगीतकार चुळबुळ करू लागला.

बायको शेजारच्या खुर्चीत बसली होती.

"तिला स्वतःचा श्वास ऐकू येत नाहीये," ती हळूच म्हणाली. "थोडी वर घ्या तिला, तिच्याच कानात."

त्याने घेतली. पुढची ओळ बरोबर जागेवर आली.

बायकोने काचेकडे पाहिलं नाही. लुळा हात तिने मांडीवर उताणा ठेवला होता आणि डाव्या हाताच्या बोटांनी त्या लुळ्या तळव्यावर ती ठेका धरत होती.